मामी ट्रॉलीत चढली

चंद्रभान भित्रा आहे. हे लोक त्याच्या पाठीमागं बोलतात असं नाही, तो स्वतःच सांगतो आणि सांगताना लाजतही नाही. "मले भेव वाटते बाबा," म्हणतो आणि विषय संपवतो. कन्हानला त्याचं घर. दारात पांढरी पिकअप, आणि तिच्यामागं जोडायची, चार म्हशी मावतील एवढी लोखंडी ट्रॉली. नागपूरच्या आसपास कुणाला गाई-म्हशी इकडच्या तिकडं हलवायच्या असल्या की चंद्रभानला फोन जातो. फोन ठेवल्यावर तोच माणूस कपाळाला हात लावतो, कारण चंद्रभान ठरला म्हणजे दुपारचं जेवण वाटेतच गेलं. कामठी रोडचे पानठेलेवाले त्याची गाडी लांबून ओळखतात. "आली पाहा वरात," म्हणतात. "नवरदेव कुठी हाय गा, चंद्रभान?" हा मान हलवतो, हसतो आणि आहे त्याच चालीनं पुढं जातो.

एवढा भित्रा माणूस या धंद्यात आला कशाला, असं विचारणारे शहाणे पुष्कळ. अहो, दुसरं काही येत नव्हतं म्हणून आला. जगातली निम्मी माणसं अशीच कामाला लागतात. जनावरांची माया होती, गाडी हाताला बसलेली होती, बापूजी वेल्डरनं ट्रॉली बांधून दिली, झालं. भीती नंतर आली.

कन्हानच्या पुलाच्या अलीकडं एका सकाळी त्यानं दुसऱ्या कुणाची तरी गुरांची ट्रॉली आडवी पडलेली पाहिली. तो धावला, आणखी चार जण धावले. गाई ओढून बाहेर काढल्या. काही उभ्या राहिल्या, काही नाही राहिल्या. आणि सगळ्यांच्या शेवटी, गाईंच्या खाली, एक माणूस सापडला. जनावरं बिचकू नयेत म्हणून तो त्यांच्याबरोबर ट्रॉलीत उभा होता. आमच्याकडं ही पद्धतच आहे. घरच्या माणसाचा हात लागला की म्हैस शांत उभी राहते, म्हणून कुणीतरी आत चढतं आणि तिच्या मानेवर हात ठेवून उभ्यानं प्रवास करतं. त्या माणसाच्या मुठीत दावं तसंच होतं. ती मूठ चंद्रभाननं सोडवली. त्या दिवशी त्याला घास गेला नाही, आणि त्यानंतर त्याच्या ट्रॉलीत माणूस चढला नाही. "जनावराले मी सांभाळतो. तुम्ही पुढं बसा, नाही तं दुसरी गाडी पाहा." या एका बाबतीत तो दगड होता.

भित्रा माणूस चौकशी फार करतो. ट्रॉली उलटते कशी, हे त्यानं बापूजी वेल्डरला इतक्यांदा विचारलं की म्हातारा वैतागला. "ऐक. वजन पुढं असलं तं ट्रॉलीचा दांडा पिकअपच्या हुकावर दाबून बसते, अन् ट्रॉली शेळीवानी गुमान मागं येते. वजन मागं गेलं का दांडा वर उचलते, मंग ट्रॉली शेपूट हलवाले लागते. शेपूट हललं का ब्रेक मारू नोको. तुही पिकअप थांबन, ट्रॉली नाही थांबत. ते बाजूनं येऊन तुले घेऊनच पडते. पाय उचल, स्टेरिंग सरळ धर, देवाचं नाव घे."

"अन् नाहीच थांबली तं?"

"तं मोठ्यानं घे!"

एवढ्यानं चंद्रभानचं समाधान होईना. मग या पठ्ठ्यानं काय करावं? प्लॉट पाडून रिकाम्या पडलेल्या एका ले-आऊटच्या रस्त्यावर जाऊन ट्रॉलीच्या मागच्या टोकाला रेतीची पोती रचली आणि थोडा थोडा वेग वाढवत नेला. काही वेळ काही झालं नाही. मग कमरेत काहीतरी जाणवलं, कुणी मागून शर्टाला धरून हलकेच डावी-उजवीकडं ओढावं तसं. ते वाढलं. त्यानं पाय उचलला, हात ताठ धरले, आणि ट्रॉली हळूहळू सरळ झाली. गाडी थांबवून तो खाली उतरला आणि चाकाला धरून ओकला. बापूजी झाडाखाली उभा राहून हसत होता.

आणि अशा माणसाला देवानं सासू दिली ती मीराबाई.

मीराबाई जरीपटक्याची. नवरा लवकर गेला, तिनं एकटीनं म्हशी राखल्या, दूध घातलं, पोरीचं लग्न केलं. सुटलेल्या सांडाला चपलेनं हाणून माघारी धाडणारी बाई. चंद्रभान तिला "मामी" म्हणायचा. ती जावयाला "जावईबापू" म्हणायची, पाट मांडून जेवू घालायची, मान द्यायला कुठं कमी नाही. पण त्याच ताटाशी बसून पोरीला सांगायची, "मेघे, आमचे जावई भल्ले सावध वं. सावलीले बी हॉर्न देतात." मेघा खाली मान घालून हसायची. चंद्रभान भात कालवत बसायचा. मनातून मात्र ते त्याला लागायचं. माणूस किती का भित्रा असेना, सासरी भित्रा म्हणून घ्यायला कुणाला आवडेल?

जरीपटक्यातल्या त्या गल्लीत आता चहूबाजूंनी बिल्डिंगा उठल्या होत्या. शेणाचा वास, माश्या, सकाळची धारेची खटपट, सगळ्यांच्या तक्रारी. गोठा हलवणं भाग पडलं. मीराबाईच्या भावानं नरखेड तालुक्यात आपल्या संत्र्याच्या बगिच्याशेजारी नवा गोठा बांधून दिला आणि म्हणाला, ये बाई, म्हशी घेऊन ये. चार म्हशी. न्यायला दुसरा कोण? जावईबापू.

म्हशींतली मोठी चांदी. कपाळावर पांढरा ठिपका, तलवारीसारखी लांब शिंगं पार खांद्यापर्यंत मागं गेलेली, अंगानं सगळ्यांत भारी, आणि त्यात गाभण, दिवस भरत आलेले. मीराबाईचा जीव चांदीत आणि चांदीचा मीराबाईत. दुसऱ्या कुणाला ती कासेला हात लावू द्यायची नाही.

हिवाळ्याची सकाळ होती. चंद्रभाननं ट्रॉलीत रबरी मॅट टाकली, वर भुशाचं कुटार पसरलं, चाकांची हवा पाहिली, हुकाची पिन पाहिली, साखळ्या पाहिल्या, मग पिन पुन्हा पाहिली. समोरच्या किराणा दुकानातून ओमप्रकाश शेठ ओरडला, "अरे भाई, हवाई जहाज उडाना है क्या?" गल्ली हसली. चंद्रभान म्हणाला, "मामी, चांदीले पयले चढवू. भारी हाय, पुढं पायजे."

मीराबाई हातातलं हळदीकुंकवाचं ताट खाली ठेवून त्याच्याकडं पाहत राहिली. "पुढं? मंग ते उतरन कवा, शेवटी?"

"हाव. शेवटी उतरन."

"अन् मागं मागं सरकत?"

इथं खरी गाठ होती. नव्या गोठ्यात पहिला पाय मानाच्या म्हशीचा पडला पाहिजे, आणि तीही तोंडाकडून आत गेली पाहिजे. मीराबाईच्या सासूनं तसंच केलं होतं, तिच्या सासूनंही. उलट्या पावलानं आलेली लक्ष्मी उलट्या पावलानंच जाते, असं त्यांच्यात म्हणतात. म्हणजे चांदी सगळ्यांत शेवटी चढणार, सगळ्यांत मागं राहणार, आणि तोंड मागच्या फाळक्याकडं करून उभी राहणार. छाती, मान, डोकं, शिंगं, म्हशीचं जे काही जड असतं ते सगळं ट्रॉलीच्या पार शेपटाला.

"मामी, वजन मागं जाते," चंद्रभान म्हणाला. "ट्रॉली हलन."

"तुमी वरातीच्या चालीनं जाता, कायची हलते जी?"

पुन्हा गल्ली हसली. चंद्रभानचे कान तापले. तो आणखी बोलणार तेवढ्यात मीराबाईनं दुसरा बॉम्ब टाकला. "अन् मी तिच्याजवळ उभी राहीन. गाभण हाय, घाबरली तं पोटातलं जाईन."

"नाही," चंद्रभान म्हणाला. "माणूस आत चढत नाही माह्या ट्रॉलीत."

"माणूस नोका चढवू. मी सासू हाओ."

 मेघा मधे पडली, "आई, ऐक ना वं त्यायचं," म्हणाली. पण बाकीच्या तिघी चढल्यावर मीराबाईनं चांदीला ओवाळलं, फळीवरून पुढं घातलं, आत नेऊन फिरवलं, आणि तिच्या मानेशी उभी राहिली. चांदी बैठ्या आवाजात हुंकारली आणि निश्चल झाली. खरंच निश्चल झाली, हे चंद्रभानलाही कबूल करावं लागलं. त्यानं पायानं दांडा दाबून पाहिला. एरवी हुकावर पहाडासारखा बसलेला दांडा पायाखाली हलका लागला. पिन वरच्या अंगाला खटखट वाजत होती.  सगळी गल्ली बघत होती, शेठ दुकानातून बघत होता, बायको बघत होती. चंद्रभाननं फाळका लावला.

त्या क्षणी तो नाही म्हणाला असता तर ही गोष्ट सांगायचं कारण उरलं नसतं. पण चारचौघांत भित्रा ठरायचं भेव हे ट्रॉलीच्या भेवापेक्षा मोठं निघालं. हे असं होतं. चांगल्या चांगल्यांचं होतं.

मेघाला आईची काळजी. तिनं आईच्या फोनवर फोन लावला, स्पीकर चालू केला आणि आपला फोन डॅशबोर्डवर ठेवला. मीराबाईनं आपला फोन पोलक्यात खोचलेला. त्यातून लोखंडाचा खडखडाट, म्हशींचे श्वास आणि मधेच मीराबाईचं चांदीशी बोलणं ऐकू येत होतं. "हो वं माये, हो. आता मोकळी हवा हाय तिकडं. संत्र्याच्या सावलीत बसजो."

चंद्रभान इतका हळू चालला होता की एक सायकलवाला त्याला मागं टाकून गेला. फेटरी मागं पडल्यावर त्यानं नेहमीप्रमाणं गाडी कडेला घेतली आणि उतरून सगळं तपासलं. हुक पाहिला. पिनीच्या भोकाची कड ताजी घासून चमकत होती. दांडा वाटभर वर उसळत होता, याचा तो पुरावा.

तो मागं गेला. "मामी, माह्यं ऐका. हे मोकळं मैदान हाय. चांदीले उतरवू, पुढं घेऊ."

जाळीतून मीराबाईचं तोंड दिसत होतं. "ओवाळून काढलेली लक्ष्मी रस्त्यावर उतरवू? काही बोलता जी."

"मंग तुम्ही तरी पुढं येऊन बसा. पाया पडतो."

"अन् हिले कोण पाहीन? जावईबापू, तुमी इतकं भेता तं गाडी काहून चालवता?"

 तो फाळक्याच्या खिटीवर हात ठेवून उभा राहिला. खिटी ओढायची, बस. एवढंच होतं. त्यानं हात काढला आणि पुढं जाऊन बसला. 

काटोलच्या अलीकडं जंगलाच्या पट्ट्यात एक लांब उतार आहे. रस्ता खाली जातो, तळाशी नाल्यावर अरुंद पूल, कठड्याचे दगड अर्धे पडलेले. चंद्रभाननं वरूनच गिअर खाली टाकला. इंजिन गुरगुरलं, गाडी रोखली गेली. तळहात घामानं ओले झाले होते. ते एकेक करून त्यानं पँटला पुसले. फोनमधून मीराबाई काहीतरी गुणगुणत होती.

अर्ध्या उतारावर मागून कापसाचा ट्रक आला. दोन्ही अंगांनी फुगलेला, ताडपत्री फडफडणारा. त्यानं हॉर्न दिला आणि वेगात बाजूनं निघाला. त्याच्या वाऱ्याचा धक्का आधी ट्रॉलीला बसला.

चंद्रभानच्या कमरेला ते कळलं. कुणीतरी मागून शर्टाला धरून डावीकडं ओढलं. मग उजवीकडं. मग पुन्हा डावीकडं, थोडं जास्त.

"अगं आई," तो स्वतःशीच म्हणाला.

आरशात ट्रॉली दिसली. डाव्या आरशात तिचा मागचा कोपरा आला, गेला, मग उजव्या आरशात आला. दर खेपेला जास्त बाहेर. पिकअपचं तोंड तिच्याबरोबर डुलायला लागलं. फोनमधून एकदम लोखंडावर काहीतरी आदळल्याचा आवाज आला, म्हैस ओरडली, आणि मीराबाई किंचाळली, "थांबवा! जावईबापू, थांबवा!"

"ब्रेक मारा!" मेघा ओरडली. तिनं त्याचा दंड धरला. "अहो ब्रेक मारा ना! आई हाय मागं!"

त्याच्या सगळ्या अंगाला ब्रेक हवा होता. उजवा पाय आपोआप पेडलवर जाऊन टेकलाही. समोर पूल, पुलाचे पडके दगड, मागं मामी. कन्हानच्या पुलाजवळच्या त्या माणसाची मूठ त्याच्या डोळ्यांपुढं आली. त्या मुठीवर आता मामीच्या बांगड्या होत्या.

त्यानं पाय उचलला. ब्रेकवरूनही आणि रेसवरूनही. तो पाय हवेत धरून ठेवणं हे त्यानं आयुष्यात केलेलं सगळ्यांत कठीण काम. हात ताठ केले, स्टेरिंग सरळ धरलं. ट्रॉली डावीकडं गेली तरी सरळ, उजवीकडं गेली तरी सरळ. मेघा रडत त्याच्या दंडावर बुक्क्या मारत होती. "मारा ना ब्रेक! मारून राहिले का नाही! आई मरन माही!" फोनमधून आणखी एक धडाका आला आणि मीराबाईचा आवाज अर्ध्यावर तुटला. त्यापुढं नुसता खडखडाट.

तो देवाचं नाव घेत होता की नाही, त्याला आठवत नाही. मेघा सांगते की तो मोठमोठ्यानं "नाही नाही नाही" म्हणत होता.

इंजिनानं धरून ठेवलेली गाडी हळूहळू मंदावली. ट्रॉलीचा कोपरा आरशात कमी यायला लागला. मग नुसता थरथरायला लागला. मग दिसेनासा झाला. पूल आला. पिकअप पुलावरून गेली, तिच्यामागून ट्रॉली गेली, आणि पलीकडं चढाला लागून, मुरमाच्या सपाट जागेत गाडी आपोआपच थांबल्यासारखी थांबली. तेव्हा कुठं त्यानं ब्रेकवर पाय ठेवला.

फोन चालूच होता. त्यातून काही येत नव्हतं.

मेघानं दार उघडून उडी मारली. "आई! आई वं!" तिच्या चपलांचा आवाज मागं गेला. चंद्रभानला दार उघडता येईना. हात स्टेरिंगला चिकटले होते, बोटं एकेक करून सोडवावी लागली. तो खाली उतरला. मागून मेघाची हाक पुन्हा आली. उत्तर नव्हतं.

आता त्याला मागं जायचं नव्हतं. हे खरं सांगायला हवं. त्याला पुढं पळत सुटायचं होतं, रानात, कुठंही. पण तो गेला. जाता जाता दोन दगड उचलून ट्रॉलीच्या चाकांना लावले, कारण सवय. मग बाजूच्या गजांतून आत पाहिलं.

चांदी पुढच्या गुडघ्यांवर कोसळली होती, दावं ताणलेलं, मान वाकडी. बाकीच्या तिघी एका कोपऱ्यात दाटून थरथरत होत्या. आणि फाळक्याच्या कोपऱ्यात, चांदीचा खांदा आणि पत्रा यांच्या मधे, मीराबाई चेपलेली होती. डोळे उघडे. तोंड उघडं. आवाज नाही.

"मामी?"

डोळे हलले.

बाजूला माणूस जेमतेम शिरेल असं एक लहान दार आहे. चंद्रभान त्यातून आत शिरला. घाबरलेल्या म्हशीच्या एवढ्या जवळ जाणं म्हणजे काय, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. त्या शिंगाचा एक झटका आणि खेळ खलास.  त्यानं दाव्याच्या गाठीचं मोकळं टोक ओढलं. गाठ एका ओढीत सुटली. जनावर बांधताना तो नेहमी अशीच, ओढताच सुटणारी गाठ मारत असे. मान मोकळी झाल्यावर चांदीनं मोठा श्वास सोडला, पाय चाचपले आणि धडपडत उठली. तिचा खांदा बाजूला झाला, आणि मीराबाई पत्र्यावरून घसरत खाली बसली. चंद्रभाननं तिला बगलेत धरून दारातून बाहेर दिलं, मेघानं घेतलं.

मुरमावर बसवलं, पाणी पाजलं. मनगट सुजून आलं होतं, बांगड्या फुटून हातात रुतल्या होत्या, श्वास घेताना बरगडी दुखत होती. पण जिवंत होती. मेघा तिला धरून हुंदके देत होती.  मीराबाईच्या ओठांचा थरकाप थांबेना, आणि ती तो लपवायचाही प्रयत्न करेना.

मग तिनं जावयाकडं पाहिलं. "मी वरडत होती. ब्रेक काहून नाही मारला जी?"

त्यात राग नव्हता. ती खरंच विचारत होती.

"मारला असता तं ट्रॉली आडवी झाली असती, मामी." त्यानं मागं वळून पुलाकडं बोट केलं.  "तुमी खाली असत्या. चांदी वरतं."

मीराबाईनं पुलाकडं पाहिलं. पडके दगड पाहिले, खालचा नाला पाहिला. 

"चांदीले पुढं घ्या," ती म्हणाली.

"रस्त्यावर उतरवावं लागन."

"उतरवा."

"गोठ्यात मंग उलट्या पावलानं जाईन ते. शेवटी."

"जाऊ द्या. लक्ष्मी जिती राह्यली पायजे पयले," मीराबाई म्हणाली आणि तोंडावर पदर घेऊन रडली. मेघानं आईला बापाच्या मयतीनंतर रडताना पाहिलं नव्हतं.

चौघींना उतरवलं. चांदीला मीराबाईनं एका हातानं धरलं, तिच्या पोटावर कान ठेवून पाहिलं, हात फिरवला. आतलं रेडकू हललं तशी मीराबाई डोळे मिटून उभी राहिली. मग चांदी पहिली चढली, पार पुढं गेली. मागं दोघी, त्यांच्या मागं सगळ्यांत हलकी. चंद्रभाननं दांड्यावर पाय दिला. दांडा हुकावर गच्च बसला होता, हलेना. वास्तविक आता सगळं ठीक होतं. आणि नेमकं तेव्हाच त्याचं अंग गळालं. तो पिकअपच्या चाकाला टेकून मुरमावर बसला तो उठेना.

"अहो," मेघा म्हणाली, "उन्हं कलतील."

"मी नाही चालवत," तो म्हणाला. "पाय पाहा माहे. असे हलून राहिले. माह्या हातून नाही होत आता. दुसऱ्या ड्रायव्हरले फोन लावतो, काटोलहून येईन एखादा. चांगला, बिनभेवाचा. तो नेईन तुमाले बरोबर."

मेघा आईकडं पाहायला लागली. मीराबाई दुखऱ्या हाताला दुसऱ्या हाताचा आधार देत उठली. पिकअपचं दार उघडलं, कण्हत वर चढली आणि सरकून ड्रायव्हरच्या सीटला लागून बसली.

"बिनभेवाच्या माणसाच्या गाडीत मी आता बसत नाही जी," ती म्हणाली. "तुमाले जमन तवा चाला. मी बसली हाओ."